चाक डगडगतं म्हणजे नक्की काय डगडगतं?

वाचकांचे सायकलबद्दलचे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की पत्रं वाढतात हे आता ठरलेलंच आहे, पण यावेळी आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त एकाच जागेबद्दल आहेत, मागच्या चाकाचा मधला भाग, म्हणजे हब अन् त्याच्यावर चढलेला गियरच्या चकत्यांचा गठ्ठा, कॅसेट. त्यामुळे ब्रेकवाले अन् सीटची उंची विचारणारे, तुम्ही पुढच्या महिन्यापर्यंत थांबा, नाराज होऊ नका.

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे ८ गियरची रोडबाईक आहे, सेकंडहँड घेतलेली. आम्ही चारपाच जण दर रविवारी पहाटे कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला जातो अन् परत येतो, शंभरेक किलोमीटर होतात. दोन महिन्यांआधी खड्ड्यात बसून मागची रिम वाकली म्हणून एका ओळखीच्याकडून जुनं पण चांगलं चाक घेतलं अन् त्याच्यावर माझीच कॅसेट चढवून घेतली. तेव्हापासून मागून कटकट आवाज येऊन राहिला, सिमेंट रोडच्या प्रत्येक जॉइंटवर तर टक असं वाजते, अन् गियर पण मधेच स्वतःच उडते. एक मेकॅनिक म्हणते हब गेला, पूर्ण चाकच बदला, ४५०० रुपये सांगितले. दुसरा म्हणते कॅसेट खलास. ग्रुपमधला एक पोट्टा म्हणते फक्त छर्रे बदल. मी ऐकू कोणाचं?
— मनीष नगर, नागपूर

उत्तर : सध्या कोणाचंच ऐकू नका. तिघंही सायकलला हात न लावता किंवा एकच हात लावून बोलले असणार, कारण खेळ म्हणजे प्ले हा कधी एका वस्तूत नसतो, दोन वस्तूंच्या मधे असतो. म्हणून तो शोधायला दोन हात लागतात, एक हात या वस्तूवर अन् एक त्या वस्तूवर. चाक धरून हलवलं अन् काहीतरी हललं म्हणून 'हब गेला' म्हणणं म्हणजे घरात कुठंतरी पाणी गळतंय म्हणून पूर्ण पाइपलाइनच बदलण्यासारखं आहे.

पत्रात फोन नंबर होता म्हणून मी सरळ फोनच केला. रविवार दुपार होती, ते नुकतेच जेवून उठले होते. फोन स्पीकरवर टाकून वहिनींच्या हातात दिला अन् बाल्कनीत सायकल घेऊन बसले. आम्ही जे जे केलं ते तसंच्या तसं लिहितो, तुम्हीही घरी करू शकता, एक रुपया लागत नाही.

सगळ्यात आधी क्विक रिलीज, म्हणजे चाक फ्रेमला आवळून धरणारा लिव्हरवाला दांडा. कारण दहातल्या दोनतीन वेळा सगळी भानगड तिथंच असते, अन् लोक हब उघडून बसतात. लिव्हर उघडायचा, चाक नीट सरळ बसवायचं, बंद करायचा. बंद करताना तळहातावर लिव्हरचा ठसा उमटला पाहिजे इतका जोर लागला पाहिजे. यांचा ठसा उमटला, म्हणजे तिथं गडबड नव्हती.

मग एका हाताचा अंगठा मागच्या चिमट्यावर, म्हणजे सीटकडून चाकाकडे येणाऱ्या दांडीवर ठेवायचा अन् त्याच जागी दुसऱ्या हातानं रिम धरून आडवी, डावीउजवीकडे ढकलायची. टायर नाही, रिम. टायर दबतो अन् माणूस फसतो. आता बघायचं की रिम अंगठ्याजवळ येते-जाते का अन् हाताला बारीकसा 'टक' लागतो का. हे एकदाच करून थांबायचं नाही. व्हॉल्व वर, मग पाव चक्कर, अर्धी, पाऊण, अशा चार जागी करायचं. चारही ठिकाणी सारखाच टक असेल तर कोन, म्हणजे एक्सलवरचा छर्ऱ्यांना टेकणारा नट, ढिला आहे, आवळून काम भागण्याची शक्यता चांगली आहे. एका जागी घट्ट अन् दुसऱ्या जागी ढिलं लागलं तर एक्सल, म्हणजे हबमधून आरपार जाणारी दांडी, वाकला आहे किंवा कोन-कपमध्ये (कप म्हणजे छर्रे बसतात ती वाटी) खड्डे पडलेत, तिथं नुसतं आवळून काही होत नाही. यांना चारही ठिकाणी सारखाच टक लागला, बारीक. म्हणजे हबमध्ये थोडा खेळ होताच. मेकॅनिक अगदीच खोटं बोलत नव्हता.

पण तेवढ्यानं गियर उडत नाही. म्हणून तिसरी गोष्ट. एका हातानं रिम घट्ट धरायची, दुसऱ्या हातानं कॅसेटची सगळ्यात मोठी, आतली चकती दोन बाजूंनी धरून हलवायची. चकतीबरोबर रिमपण हलत असेल तर तो हबचाच खेळ आहे, वेगळा नाही. रिम शांत अन् चकत्यांचा पूर्ण गठ्ठाच डुलतो तर तो फ्रीहब बॉडीचा, म्हणजे हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्याचा खेळ, कारण त्या बॉडीच्या आत तिचे स्वतःचे वेगळे छर्रे असतात. थोडासा डुलणं नवीन बॉडीतही असतं, त्याच्यामागे लागू नका. पण एकदम जास्त डुलत असेल तर एक्सल काढून आतला बॉडीचा बोल्ट बघायचा, शिमानो कंपनीच्या बऱ्याच हबमध्ये तो १०च्या ॲलन कीचा असतो अन् कधीकधी तोच सुटलेला असतो.

इथं एक गोष्ट मधेच सांगून टाकतो. चकती पुढेमागे, म्हणजे फिरण्याच्या दिशेनं थोडी रिकामी फिरते अन् मग अडकते, हा खेळ नाही!! दरवेळी कोणीतरी हे लिहून पाठवतं. बॉडीच्या आत जे छोटे दात असतात, मेकॅनिक लोक ज्यांना कुत्ते म्हणतात, ते पुढच्या खाचेत बसेपर्यंत तेवढं अंतर जाणारच. आत १८ खाचा असतील तर २० अंशांपर्यंत रिकामं फिरेल, अन् ते बरोबर आहे.

चौथी गोष्ट करताना आवाज मला फोनवरच आला. सगळ्यात लहान, बाहेरच्या दोनतीन चकत्या बोटांत धरून आतबाहेर, म्हणजे एक्सलच्या दिशेनं सरकवून बघायला सांगितल्या, तर खुळखुळ. वहिनी म्हणाल्या, "अहो हे तर बांगड्यांसारखं वाजून राहिलं." रिम हलत नाही, बॉडी हलत नाही, चकत्या आपसात हलतात. म्हणजे चकत्या बाहेरून आवळून धरणारी लॉकरिंग ढिली, किंवा लॉकरिंग घट्ट आहे पण तिनं चकत्या दाबल्याच नाहीत.

अन् इथं ते जुनं चाक आलं. मी विचारलं, चाक कशावरून काढलेलं होतं? म्हणाले ११ गियरच्या रोडबाईकवरून. झालं ना मग. ११ गियरच्या रोड हबची बॉडी ८, ९, १० वाल्यापेक्षा १.८५ मिलिमीटर लांब असते. तिच्यावर ८ची कॅसेट चढते, खाचा अगदी बरोबर बसतात, म्हणून चढवणाऱ्याला काही चुकल्यासारखं वाटत नाही. पण मागे १.८५चा स्पेसर, म्हणजे पातळ रिंग, टाकायला लागतो. तो नसेल तर लॉकरिंग कितीही आवळा, ती बॉडीच्या टोकावर जाऊन टेकते, चकत्यांपर्यंत तिचा दाब पोचतच नाही. मग चढवणारा म्हणतो, मी तर फुल टाइट केली होती. केली होतीच, खोटं नाही.

८ गियरमध्ये एका चकतीच्या मधापासून दुसरीच्या मधापर्यंत ४.८ मिलिमीटर अंतर असतं. त्यात गठ्ठा मिलिमीटरभर जरी इकडंतिकडं सरकला तरी चेननं कुठं बसायचं? गियर उडणारच. असंच बरेच दिवस चालवलं तर, अन् बॉडी ॲल्युमिनियमची असेल तर, चकत्या तिच्या खाचांमध्ये रुतून चरे पाडतात, मग कॅसेट काढताना हातोडी घ्यावी लागते. म्हणून हे काम पुढच्या रामटेकच्या आधी करा, नंतर नाही.

लॉकरिंग आवळायची कशी हेही विचारलं त्यांनी. काढताना चेन व्हिप, म्हणजे चकत्या धरून ठेवायचा चेनचा तुकडा लावलेला दांडा लागतो, कारण उलट फिरवलं की कॅसेट मोकळी फिरते. आवळताना लागत नाही, चाक मांडीत धरलं की पुरतं. जोर ४० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे २० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचं वजन लटकवल्याइतका. शेवटी शेवटी कर्रकर्र असा दातऱ्यांचा आवाज येतो, तो आला म्हणजे काही तुटलं नाही, तो यायलाच पाहिजे. आवळून झालं की परत बोटांनी खुळखुळवून बघायचं.

आता राहिला हबचा तो बारीक टक. यांचा हब कोन-छर्ऱ्याचा आहे. कोनला पातळ पाना लागतो, मागच्याला बहुतेक १५ नंबर अन् लॉकनटला १७. जाडा पाना घालून कोनच्या कडा खाणारे मी बरेच पाहिलेत. ॲडजस्ट डाव्या बाजूनं करायचं, उजवीकडची बाजू पक्की असू द्यायची. अन् महत्त्वाचं म्हणजे क्विक रिलीजवाला एक्सल आतून पोकळ असतो, लिव्हर बंद केला की तो केसभर दबतो. म्हणून चाक हातात असताना अगदी जरासा खेळ मुद्दाम ठेवायचा, चाक सायकलला लावून लिव्हर आवळला की तो खेळ निघून जायला पाहिजे. हातात असतानाच एकदम परफेक्ट केलं तर लावल्यावर जाम होतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात असताना मी माझा हब अगदी मन लावून आवळला होता, टक नाही की काही नाही, खूप खूश झालो, अन् दोनेक महिन्यांत उघडलं तर दोन्ही कोनवर नखानं ओरखडावं तशी रेघ पडलेली. ढिला हब आवाज करून सांगतो तरी, जास्त आवळलेला चुपचाप मरतो.

जाम आहे का हे बघायची सोपी युक्ती आहे. मागचं चाक उचला, चेन खाली पाडून ठेवा, व्हॉल्व आडवा करा अन् सोडून द्या. व्हॉल्व किंवा रिफ्लेक्टर, जी बाजू जड असेल ती हळूच खाली जाऊन घड्याळाच्या लोलकासारखी दोनतीन वेळा झुलली पाहिजे. मधेच थांबली तर कोन सैल करा थोडा.

त्यांनी ते चाक उघडूनच घेतलं, अन् चांगलं केलं, कारण आठ दिवसांनी कळवलं की डावीकडच्या कोनवर खड्डे पडायला लागले होते, कप मात्र दोन्ही गुळगुळीत. बघा, पैशाच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा फरक आहे. छर्रे स्वस्त, दरवेळी नवीनच टाका. मागे एका बाजूला पाव इंची ९, दोन्ही मिळून १८. दहाव्यासाठी जागा दिसते, तरी दहावा घालू नका. कोन थोडा महाग पण मिळतो. शिमानोच्या फ्रीहबमध्ये उजवा कप बॉडीतच असतो, त्यामुळे बॉडी बदलली की तोही नवीन. पण डावा कप हबच्या आत दाबून बसवलेला असतो अन् सुटा मिळणं कठीण, तो गेला तरच 'हब गेला' हे वाक्य खरं. यांचं सगळं मिळून स्पेसर, एक कोन, १८ छर्रे, ग्रीस अन् मजुरी. ४५०० वाचले. आता मनसरला नाश्ता कोणी द्यायचा ते त्यांच्या ग्रुपनं बघावं.

प्रश्न : माझ्या मुलाला सातवीत गेला म्हणून ७ गियरची सायकल घेतली, दोनच महिने झाले. तो पुढे चालवत असला अन् मी मागून स्कूटीवर असले की मला मागच्या गियरच्या चकत्या वाकड्यातिकड्या डुलताना दिसतात. दुकानदार म्हणतो सगळ्या अशाच असतात. हा आम्हाला बायामाणसं म्हणून फसवतोय का?
— सक्करदरा, नागपूर

उत्तर : ताई, यावेळी दुकानदार बहुतेक खरं बोलतोय. या किमतीच्या ७ गियरच्या सायकलला बरेचदा कॅसेट नसते, फ्रीव्हील असतं, जे हबवर आट्यांनी चढवलेलं असतं. ते आटे अन् फ्रीव्हीलच्या आतला छर्ऱ्यांचा रस्ता अगदी एका रेषेत असतीलच असं नसतं, म्हणून पायडल थांबवलं, चाक फिरतंय अन् चकत्या थांबल्यात अशा वेळी त्या डुलताना दिसतात. त्यानं काही बिघडत नाही. एवढंच बघा की तो पायडल मारत असताना चेन डावीउजवीकडे नाचते का अन् गियर उडतो का. तसं असेल तर फ्रीव्हील आट्यांवर तिरपं चढलंय का, चकती वाकली का ते दुकानात खोलून दाखवायला सांगा, अन् दोन महिन्यांचीच आहे तर पैसे देऊ नका.

फ्रीव्हील आहे की कॅसेट, हे घरी ओळखायचं असेल तर चकत्या हातानं उलट फिरवा अन् एक्सलजवळची, पाना बसायच्या खाचांची रिंग बघा. रिंग चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवरच राहिली तर फ्रीव्हील. सगळ्यात लहान चकतीला ११ दात असले तर बहुतेक कॅसेट, १४ असले तर बहुतेक फ्रीव्हील.

प्रश्न : एमआयडीसीत ड्युटी आहे, हिंगणा रोडनं रोज जाणंयेणं २२ किलोमीटर, मागे कॅरियरवर डबा अन् अवजारांची बॅग. वर्षभरात मागचा एक्सल तिसऱ्यांदा तुटला, दरवेळी उजवीकडेच. नवीन टाकतो, चार महिने चालते, परत तेच. एक्सलच डुप्लिकेट येऊन राहिले काय?
— वाडी, नागपूर

उत्तर : एक्सलला शिव्या देऊ नका, तो बिचारा चुकीच्या जागी अडकला आहे. उजवीकडेच तुटतो म्हणालात तिथंच उत्तर आहे. तुमची सायकल गियरची अन् फ्रीव्हीलवाली असणार. फ्रीव्हीलचा गठ्ठा बाहेर असल्यामुळे उजवीकडचे छर्रे बरेच आत बसतात, अन् छर्ऱ्यांपासून चिमट्यापर्यंत एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय लटकतो. ६-७ चकत्या झाल्या की तो आणखी लांब. त्याच्यावर तुम्ही, तुमची बॅग, रस्ता अन् चेनची ओढ. आधी तो वाकतो, मग एक दिवस तुटतो. तुटायच्या आधी वरच्यासारखा रिम हलवून बघायचा प्रयोग केला असता तर एका जागी घट्ट, एका जागी ढिलं असं लागलं असतं. काढलेला एक्सल टेबलाच्या काचेवर लोळवून बघा, वाकलेला असेल तर उड्या मारत जातो.

हाच त्रास टाळायला फ्रीहब आला. शिमानोनं १९७८ मध्ये तो बाजारात आणला, त्यात उजवे छर्रे बाहेर टोकाजवळ आले, चिमट्याच्या जवळ, म्हणून कॅसेटवाल्या हबचे एक्सल क्वचितच तुटतात. तुमच्या वजनाला अन् रोजच्या २२ किलोमीटरला मी म्हणेन चौथा एक्सल घेऊ नका, कॅसेट हबचं चाक बसवा. फ्रेमच्या मागच्या दोन टोकांमधलं अंतर मोजून मगच घ्या. जुना शिफ्टर ७चा असला तरी चालेल. ७ची कॅसेट ८, ९, १० वाल्या बॉडीवर मागे ४.५ मिलिमीटरचा स्पेसर टाकून बसते.

अन् हो, चाक बसवायच्या आधी चिमट्याची दोन्ही टोकं एकमेकांना समांतर आहेत का ते मेकॅनिककडून बघून घ्या. ती तिरपी असली तर नट आवळतानाच एक्सल वाकतो, मग तुम्ही सोन्याचा एक्सल टाकला तरी तो तुटेल.

प्रश्न : आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री होते, ग्रीस वितळून जाते असं ऐकलं, म्हणून मी उन्हाळ्यात हबमध्ये अन् फ्रीहबच्या आतपण घट्टवालं ट्रकचं ग्रीस ठासून भरलं. आता पायडल थांबवलं की वरची चेन लोंबते. आधी असं नव्हतं होत.
— गिट्टीखदान, नागपूर

उत्तर : साधं लिथियम ग्रीस १८० डिग्रीच्या आसपास गळायला लागतं. नागपूर तापतं, कबूल, फुटाळ्यावर दुपारी तीनला कुत्रंही दिसत नाही, पण इतकं नाही तापत. हबच्या छर्ऱ्यांना ग्रीस भरलं ते ठीक आहे, राहू द्या. चूक फ्रीहबमध्ये झाली. तिथले ते कुत्ते बारीक स्प्रिंगवर उघडमिट करतात, घट्ट ग्रीसमध्ये ते चिकटतात अन् चाक फिरताना बॉडीला सोबत ओढत नेतं, म्हणून पायडल थांबलं तरी चकत्या फिरतात अन् चेन लोंबते.

लोंबणं तसं किरकोळ आहे, पण तेच कुत्ते एखादवेळी मिटलेलेच राहिले तर तुम्ही उभं राहून जोर लावाल अन् पायडल रिकामं खाली जाईल, सेमिनरी हिल्सच्या चढावर तर तोंडावरच पडाल. म्हणून तोवर उभं राहून चालवू नका. बॉडी काढा, रॉकेल किंवा डिझेलमध्ये बुडवून फिरवत राहा, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत, पूर्ण वाळू द्या अन् मग आत पातळ तेल टाका. धुतल्यावरही चिकटत असेल तर स्प्रिंग गेल्यात, बॉडी बदला.